उन्हाळ्याची लेती सावलीत

जानेवारी लागला की बाजारातून परतणाऱ्या प्रत्येक गृहिणीच्या तोंडी एकच तक्रार असते. जुलै-ऑगस्टमध्ये दोन्ही हातांत न मावणारा लेतीचा गड्डा आता मुठीएवढा झालेला असतो, पानांच्या कडा करपलेल्या असतात आणि भाव मात्र चढलेला असतो. कोतोमिलीची जुडी तर इतकी बारीक की चटणीला पुरेल की नाही याची शंका यावी. त्यातच दोन-चार दिवस मुसळधार पाऊस लागला किंवा एखादे वादळ येऊन गेले, की पालेभाजी बाजारातून दिसेनाशीच होते. आपल्या बेटाला लागणाऱ्या अन्नापैकी सुमारे तीन चतुर्थांश बाहेरून येते, हे आम्ही वर्गात मुलांना शिकवतो. पण कोवळी पालेभाजी तांदळासारखी जहाजाने आणून कोठारात साठवता येत नाही. ती इथेच पिकली, तर ताटात येते.

आणि याच महिन्यांत आपल्या घरांभोवती काय दिसते? आंब्याखाली वाळलेला पाला, भिंतीलगत पडून राहिलेली पट्टी, मागच्या अंगणात मोडक्या बादल्या. ‘तिथे सावली आहे, तिथे काय पिकणार?’ हे उत्तर आम्ही वाकोआपासून ब्लॅक रिव्हरच्या बाजूपर्यंत अनेक घरी ऐकले आहे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने तर भाजीला ऊन मिळावे म्हणून आजोबांनी लावलेला आंबा तोडला. ऊन भरपूर मिळाले. डिसेंबरात लावलेली लेती जानेवारी संपण्यापूर्वीच दांडा काढून फुलोऱ्यावर गेली, आणि पाने इतकी कडू की कोंबड्यांनीही ती अर्धी टाकली. आंबा उभा असता, तर त्याच्याच कडेला नीट जागा पाहून लावलेली लेती त्या घराला महिनाभर पुरली असती, असे आमचे मत आहे. तसे का वाटते, ते वाचकांपुढे ठेवतो.

लेती ही मुळात भूमध्य समुद्राकाठच्या देशांतली भाजी. तिला पंधरा ते वीस अंशांची हवा मानवते. हवामान खात्याच्या आकड्यांप्रमाणे आपल्या बेटाचे सरासरी तापमान हिवाळ्यात २०.४ अंश आणि उन्हाळ्यात २४.७ अंश असते. दोहोंत अंतर अवघे ४.३ अंशांचे. एवढ्याशा फरकाने भाजी बिघडावी, हे प्रथम पटत नाही. पण हे आकडे सावलीत ठेवलेल्या तापमापकाचे, आणि तेही दिवस व रात्र मिळून काढलेले. उघड्या वाफ्यातली माती दुपारी किती तापते, हे पाहायचे तर चपला काढून त्यावर उभे राहावे. लेतीची मुळे वरवरच्या मातीतच पसरतात, त्यामुळे मातीचा तो ताप तिला पहिला लागतो. मुळे जेवढे पाणी ओढतात त्याहून अधिक पाने उडवून देतात, पाने माना टाकतात आणि कडा करपतात. मग झाड घाईला येते. आपले दिवस फार नाहीत असे जणू समजून ते मधला दांडा वर काढते, फुलण्याची तयारी करते, आणि दांड्याबरोबर पानांतला पांढरा चीक वाढून कडवटपणा येतो. सावलीने हवा फारशी थंड होत नाही, हे खरे. पण पान आणि माती या दोन्ही गोष्टी बऱ्याच निवतात, आणि लेतीला त्याच हव्या असतात.

आता सावली कोणती, हा खरा प्रश्न. इथे युरोपातली पुस्तके आणि बियांच्या पाकिटांवरच्या सूचना आपल्याला फसवतात. तिकडे घराची उत्तर बाजू सावलीची. आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून आपली सावलीची बाजू दक्षिण. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण आपले बेट सुमारे वीस अक्षांशांवर, म्हणजे मकरवृत्ताच्या थोडे अलीकडे आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या दोन महिन्यांत तो किंचित दक्षिणेला असतो.

शाळेच्या अंगणात आम्ही दरवर्षी एक सरळ काठी रोवून मुलांना तिची सावली खुणा करून ठेवायला सांगतो. जूनमध्ये दुपारी बारानंतर थोड्याच वेळात काठीची सावली जवळजवळ काठीएवढीच लांब पडते, दक्षिणेकडे. वर्षाच्या शेवटी, सुटी लागण्यापूर्वी, तीच सावली काठीच्या बुडाशी गोळा होऊन बसलेली असते. मुले काठी हलवून पाहतात, वाकडी तर रोवली नाही ना म्हणून. या खेळातून जे मुलांना कळते, ते भाजी लावणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. घराच्या दक्षिणेची जी पट्टी हिवाळ्यात ओलसर आणि शेवाळलेली असते, ती ऐन डिसेंबरात मध्यान्हीच्या उन्हात उघडी पडते. तिथे सावली आहे असे समजून लावलेली लेती नेमकी वाईट महिन्यातच भाजून निघते.

उन्हाळ्यात भरवशाची सावली मिळते ती घराच्या किंवा झाडाच्या पूर्वेला. सकाळी तिथे कोवळे ऊन येते, साधारण अकरा-साडेअकरापर्यंत राहते आणि दुपार कलली की भिंतीची सावली वाफ्यावर चढत जाते. पालेभाजीला दिवसाचे चार-पाच तास ऊन पुरते, आणि ते सकाळचे असले तर उत्तमच. पश्चिमेची भिंत याच्या नेमकी उलट. सकाळभर सावली, आणि दुपारी सगळा तडाखा. शिवाय सिमेंटची भिंत तापून संध्याकाळी सातपर्यंत उष्णता सोडत राहते. अशा ठिकाणी भेंडी लावावी, मिरची लावावी, लेती लावू नये. आपले अंगण पाहायला रविवारचा एक दिवस द्यावा. सकाळी आठला, बाराला आणि तीनला ऊन कुठे आहे, हे खडूने किंवा खुंट्यांनी दाखवून ठेवले, की निम्मे काम झाले.

झाडांची सावली सारखी नसते. लिची आणि जुना आंबा यांच्या अगदी बुंध्याशी इतका काळोख असतो की लेती तिथे लांबट, पिवळट आणि लुळी होते. तिला लावायचे ते झाडाच्या घेराच्या कडेला, जिथे कवडसे पडतात तिथे. शेवगा, आपल्या क्रिओलमधले ब्रेद मुरूम, या कामाला फार चांगला. त्याचे पान बारीक, सावली चाळणीतून गाळल्यासारखी, आणि डहाळ्या तोडत राहिलो तर हवी तेवढी विरळ ठेवता येते. पपईही चालते. तुरीची, म्हणजे आंब्रेवादची, ओळ वाफ्याच्या पश्चिमेला लावली, तर दुपारचे ऊन आणि वारा दोन्ही अडतात आणि शेंगा मिळतात त्या वेगळ्याच. एक अडचण मात्र असते. मोठ्या झाडाची मुळे वाफ्यातले पाणी आणि खत पळवतात. म्हणून झाडाखाली जमिनीत वाफा खणू नये. लाकडी खोके, जुने टब किंवा वीतभर खोलीच्या पेट्या भरून त्या झाडाखाली ठेवाव्यात. खणून झाडाची मुळे तोडणे झाडालाही बरे नाही.

तथापि आम्हाला सर्वांत आवडणारी सावली मांडवाची. आमच्या गल्लीत एक काकू आहेत. शूशूचा त्यांचा मांडव क्यूरपीपच्या बाजूला असतो तसा जाड, हिरवा. त्याखाली पुरुषभर उंची सोडलेली. उन्हाळ्यात सगळ्यांची कोतोमिली फुलाला आली असताना काकूंच्या मांडवाखालून मात्र कोवळी जुडी निघते. त्यांना कुणी विचारले तर त्या सांगतात, ‘अहो, माझ्या सासूबाई हेच करायच्या, मी नवीन काय केलं?’ त्यांच्या सासूबाईंच्या सासूबाईही हेच करत असणार. १८३४ नंतर गिरमिटावर या बेटावर आलेल्या मराठी माणसांत कोकणातले पुष्कळ होते, आणि कोकणच्या परसात मांडव ही साधी गोष्ट. वर पडवळ, दोडका, नाहीतर वाल. खाली ओल धरणारी भाजी. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ. नारळी-पोफळीच्या वाडीत तर सावलीचे मजलेच असतात. सर्वांत वर नारळ, त्याखाली पोफळ, मग केळ, आणि जमिनीलगत हळद. देशावरच्या पानमळ्यात विड्याच्या वेली शेवगा, शेवरी, पांगारा अशा झाडांवर चढवतात. आधारही तोच, सावलीही तीच. म्हणजे सावलीत पिकवणे ही आपल्या माणसांना माहीत असलेली विद्या होती. इथे उसाच्या शेतात राबताना सावलीचा पिकाशी काही संबंध उरला नाही, कारण उसाला उघडे रान लागते. पण कँपातल्या घरामागे ती टिकून राहिली. तिथे अळूला सोंज हे नाव मिळाले, पडवळाला पातोल, आणि दोडक्याला पिपांगाय.

मांडवासाठी उन्हाळ्यात वाढणारा कोणताही वेल चालतो. डोंगरपठारावर शूशू, किनाऱ्याच्या बाजूला, जिथे शूशूला उष्मा सोसत नाही, तिथे पडवळ, कारले किंवा दोडका. ऑगस्ट-सप्टेंबरात बी टोकले की डिसेंबरपर्यंत छप्पर भरते, आणि एप्रिलनंतर थंडीत वेल सुकून वाफा आपोआप उन्हाला मोकळा होतो. ज्या ऋतूत सावली हवी त्याच ऋतूत ती असते, ही मांडवाची खुबी जाळीला नाही. पाऊस फार झाला आणि खाली हवा खेळेनाशी झाली, तर मधली पाने निर्दयपणे छाटावीत. पठारावर वर्षाला चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, आणि पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम आठशे. वाकोआच्या माणसाने कास्काव्हेलच्या माणसाचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. वर ओल मारते, खाली ऊन.

वेल लावायला वेळ नसेल तर केंकायरीत सावलीची जाळी मिळते. ती घेताना किती टक्के सावली देणारी आहे ते विचारून घ्यावे. पालेभाजीला तीस ते पन्नास टक्के पुरे. पठारावर तीसची, किनाऱ्यावर पन्नासची. सत्तर-ऐंशी टक्क्यांची गडद जाळी मोटार झाकायला ठीक, तिच्याखाली लेतीचे पान पातळ होते. काळी जाळी स्वतः तापते, म्हणून ती भाजीच्या डोक्यावर टेकू देऊ नये. दोन मीटर उंच बांधावी आणि बाजू मोकळ्या सोडाव्यात. पांढरी किंवा चंदेरी मिळाली तर अधिक चांगली, थोडी महाग असली तरी. आणि मे महिना आला की जाळी काढून घडी करून ठेवावी. हिवाळ्यातही ती तशीच टांगून ठेवणारे लोक आम्ही पाहतो, आणि मग लेती वाढत नाही म्हणून खताला दोष देतात.

सावलीत सगळेच पिकत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. जिचे पान खातो ती भाजी सावली सोसते. जिचे फळ खातो तिला ऊन लागते. लेती, कोतोमिली, पुदिना, पालक, कांद्याची पात, चिनी ब्रेद ही सावलीची मंडळी. सोंज तर सावलीत आणि ओलीत खूश असते. आले आणि हळद हलक्या सावलीत छान येतात. पोमदामूर, वांगी, भेंडी, दुधी यांना सावलीत ठेवले तर नुसती पाने माजतात. माठाच्या जातीचे ब्रेद मालबार मधले. ऊन त्याला प्रिय, पण थोडी सावली खपवून घेते. हळदीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. कोकणात गणपतीच्या दिवसांत हळदीची पाने हिरवीगार असतात आणि त्यांत पातोळ्या उकडतात. आपल्याकडे गणेशचतुर्थी येते ती हिवाळ्याच्या अखेरीस, तेव्हा हळद पाने टाकून जमिनीत झोपलेली असते. सण तोच, पंचांग तेच, ऋतू मात्र उलटा. म्हणून काही घरांत आता पातोळ्यांना केळीचे पान घेतात, आणि त्यात वावगे काही नाही.

लेतीचे बी उगवत नाही, ही उन्हाळ्यातली दुसरी तक्रार. दोष बियांचा क्वचितच असतो. माती तीस अंशांच्या आसपास तापली की लेतीचे बी झोपी जाते, उगवायचे नाकारते. यावर सोपा उपाय आहे. बी ओल्या फडक्यात गुंडाळून, डबीत घालून, दोन-तीन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. मग सावलीतल्या पेटीत संध्याकाळी पेरावे, म्हणजे पहिली रात्र गारव्यात जाते. बी खोल पुरू नये. त्याला उजेड लागतो, वरून चिमूटभर चाळलेली माती पुरे. रोपाला चार-पाच पाने आली की लावणी, तीही संध्याकाळीच. गड्डा धरणाऱ्या जातींपेक्षा मोकळ्या पानांच्या जाती आणि बाताव्हिया उन्हाळ्यात जास्त टिकतात. बाहेरची पाने तोडत राहावे, मधला कोंब ठेवावा. लावणीनंतर चार-पाच आठवड्यांत तोडा सुरू होतो. दर पंधरा दिवसांनी थोडे-थोडे पेरले तर एका घराला सतत पुरते. पेटीभर एकदम पेरून मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटत बसण्याची आपली सवय चांगली आहे, पण पुढचा महिना कोरडा जातो. धन्याचे दाणे लाटण्याने हलके दुभंगून जागेवरच पेरावेत; कोतोमिलीचे रोप उपटून लावलेले तिला खपत नाही.

पाणी सकाळी लवकर, झारीने, मुळाशी द्यावे. पावसाने ओढ दिली की नळी लावण्यावर बंदी येते, हे आपण अनुभवले आहे. पण सावलीतल्या वाफ्याला पाणी पुष्कळ कमी लागते, आणि वर उसाचे पाचट पसरले तर आणखी कमी. पाचट आपल्या बेटावर मागाल तिथे मिळते. तांदूळ, भाजी धुतलेले पाणीही वाया घालवू नये.

सावलीचे शत्रू वेगळे. ओल्या पाचटाखाली कुर्पा लपतात आणि रात्री एका बैठकीत चार रोपे संपवतात. अंधार पडल्यावर दिवा घेऊन जावे आणि वेचावे, पण हाताने नव्हे, चिमट्याने किंवा पिशवी घालून. या गोगलगायींत मेंदूला अपाय करणारी एक बारीक अळी असू शकते. म्हणून घरची लेती असली तरी प्रत्येक पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली धुवावे. औषध फवारलेले नाही म्हणून तशीच खाल्ली, असे करू नये. दुसरा शत्रू डास. कुंड्यांखालच्या बशा, झारी, पाण्याचे पिंप, सावलीत ठेवलेली प्रत्येक गोष्ट डासांना हवीच असते. २००६ चा चिकुनगुन्या आणि २०२४ चा डेंग्यू ज्यांच्या घरी आला, त्यांना हे सांगावे लागणार नाही. बशा काढून टाकाव्यात, पिंपावर घट्ट झाकण किंवा कापड बांधावे, आठवड्यातून एकदा झारी पालथी घालावी.

राहता राहिले वादळ. १९६० ची कॅरोल ज्यांनी पाहिली ती पिढी आता थोडी उरली आहे, पण १९९४ ची होलांदा आणि २०२४ ची बेलाल पुष्कळांना आठवते. सावलीची जाळी वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि खांबासकट उडते; उडालेला खांब शेजाऱ्याच्या काचेत जातो. म्हणून जाळी कायमची ठोकू नये, दोरीने बांधावी, गाठ अशी की दोन मिनिटांत सुटेल. रेडिओवर पहिल्या वर्गाचा इशारा लागला की जाळी उतरवून घडी करून घरात घ्यावी. दुसऱ्या वर्गाची वाट पाहू नये, तेव्हा घरात इतर कामे पुष्कळ असतात. पेट्या भिंतीच्या आडोशाला किंवा गॅरेजात सरकवाव्यात. झाडाखाली ठेवल्या असतील तर त्या आधी हलवाव्यात, कारण फांदी पडते ती तिथेच. मांडवाचे मात्र काही करता येत नाही. वेल जातो, पण खांब मजबूत असले तर निदान ते राहतात. वादळानंतरच्या आठवड्यात बाजारात भाजी नसते, तेव्हा फ्रिजमधली बियांची डबी लगेच बाहेर काढावी. पहिली पाने हाती यायला दोन महिने लागतील, आणि तोपर्यंत मार्च संपत आलेला असेल.